कनातीपलीकडचे रान

आफ्रिकेच्या रानात मुक्काम करायचा तर दगडविटांची हॉटेले आहेत, झाडावरची घरे आहेत, साध्या राहुट्याही आहेत. पण गेली पन्नासेक वर्षे जगभरच्या प्रवाशांना ज्या मुक्कामाची ओढ लागली आहे तो म्हणजे ‘टेंटेड कॅम्प’, तंबूंची आलिशान छावणी. आठ-दहा तंबू, क्वचित वीस-पंचवीस. मधोमध जेवणाचा मोठा मांडव, नदीच्या दिशेला शेकोटीची जागा, मागच्या अंगाला मुदपाकखाना आणि कर्मचाऱ्यांची वस्ती. बहुतेक ठिकाणी भोवती कुंपण नसते. तंबूत पलंग, गाद्यागिरद्या, स्नानगृह, दिवे, लिहायचे टेबल असे सगळे असते. भिंत मात्र कापडाची. रात्री बाहेर चरणाऱ्या झेब्र्याने गवत उपटल्याचा आवाज पलंगावर पडल्यापडल्या ऐकू यावा इतकी ती पातळ. या छावणीचे खरे मोल त्या पातळ भिंतीत आहे. तिची बांधणी, दिनक्रम, नियम आणि भाडेसुद्धा त्या एका गोष्टीमुळेच तसे आहे.

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द. त्याचा अर्थ प्रवास. तो अरबीतून स्वाहिलीत गेला. मराठीतली ‘सफर’ त्याच मुळातली. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आत जाणारे व्यापारी तांडे सफारीला निघत, तेव्हा शेकडो हमाल ओझी डोक्यावर घेऊन पायी चालत. घोडे-बैल त्या प्रदेशात फार दिवस जगत नसत, कारण त्से-त्से माशीच्या दंशातून त्यांना जीवघेणा आजार होई. त्यामुळे प्रत्येक वस्तू एका माणसाला उचलता येईल अशा बेताने घडी घालून बांधावी लागे: तंबू, खाट, टेबल, अगदी आंघोळीचे कापडी टबसुद्धा. असे घडीचे सामान ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांत आधीच रुळलेले होते. चामड्याच्या पट्ट्यांवर ताणलेली, लाकडी दांडे उपसले की गठ्ठा होणारी ‘रुरकी खुर्ची’ उत्तर हिंदुस्थानातल्या रुरकीच्या लष्करी अभियंत्यांनी घडवली. डॅनिश रचनाकार कोर क्लिंट याने 1933 साली तिच्यावरून ‘सफारी खुर्ची’ तयार केली. आजही छावण्यांच्या ओट्यावर तीच घडण मांडलेली दिसते.

हिंदुस्थानाचा संबंध एवढ्यावर संपत नाही. 1896 साली मोंबासाहून सुरू झालेला युगांडा रेल्वेचा लोहमार्ग 1901 साली व्हिक्टोरिया सरोवराला पोचला, तो हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांहून अधिक मजुरांच्या कष्टांवर. रेल्वेचा तळ म्हणून 1899 साली वसलेले नैरोबी पुढे सफारींची राजधानी झाले. मजुरांच्या मागोमाग हिंदी व्यापारीही गेले. स्वाहिलीत दुकानाला ‘डुका’ म्हणतात, आणि चपाती केनियातल्या घराघरांत पोचली आहे. छावणीच्या जेवणात ती पाहुण्यांसाठी खास केलेली नसते. कर्मचाऱ्यांच्या पंगतीतही तीच असते.

सुरुवातीच्या छावण्या शिकारीच्या होत्या. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडल्यानंतर 1909 साली थिओडोर रूझवेल्ट मोंबासाला उतरले, तेव्हा त्यांच्या सोबत अडीचशेच्या आसपास हमाल, कातडी टिकवण्यासाठी चार टन मीठ आणि डुकराच्या कातड्यात बांधलेल्या साठेक पुस्तकांचा संग्रह होता. स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयासाठी निघालेल्या त्या मोहिमेत त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून 512 जनावरे मारली. रानात उभारलेले तंबू, संध्याकाळची शेकोटी, पांढऱ्या चादरीवर मांडलेले जेवण हे सफारीचे चित्र जगाच्या मनात ठसले ते अशा मोहिमांमुळे. त्या चित्रातून बंदूक बाजूला पडायला आणखी सहा-सात दशके लागली. बदलाची चाहूल मात्र आधीच लागली होती, आजच्या झांबियात, म्हणजे तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात. तिथे 1950 साली नॉर्मन कार या वनाधिकाऱ्याने लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात न्सेफू या टोळीप्रमुखाच्या सहकार्याने वन्यजीव पाहण्यासाठी छावणी उघडली आणि तिचे उत्पन्न स्थानिक लोकांना मिळेल अशी तजवीज केली. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी दृष्टी होती. केनियात मारा नदीच्या काठी 1972 साली पर्यटकांसाठी कायमची तंबूछावणी सुरू झाली आणि 1977 साली त्या देशाने शिकारीवर बंदी घातली. तेव्हापासून तंबू छायाचित्रे काढणाऱ्यांचा झाला.

आजचा तंबू उभा राहतो तो जमिनीवर नव्हे, तर खांबांवर बसवलेल्या लाकडी ओट्यावर. त्यामुळे पावसाचे पाणी खालून वाहून जाते, साप-विंचू सहसा वर येत नाहीत, आणि मुख्य म्हणजे सिमेंटचा पाया लागत नाही. ओट्यावर लोखंडी किंवा लाकडी सांगाडा आणि त्यावर जाड सुती किंवा मिश्र धाग्याचे कॅन्व्हास ताणलेले असते. या कापडात ठरावीक अंतरावर जाड धागे आडवेउभे विणलेले असतात, म्हणजे एके ठिकाणी फाटले तरी चीर पुढे धावत नाही. कनातींना जाळीच्या मोठ्या खिडक्या असतात. दिवसा बाहेरचे पडदे गुंडाळून वर बांधायचे, म्हणजे वारा आरपार खेळतो. सूर्यास्तापूर्वी ते सोडून तंबूच्या चेन घट्ट लावायच्या.

तंबूचे छत मात्र दुहेरी असते. आतल्या छतापासून हातभर अंतर ठेवून वर दुसरे कापड किंवा गवताचे शाकारलेले छप्पर घालतात. ऊन वरच्या थरावर पडते, मधल्या पोकळीतली तापलेली हवा बाजूने निघून जाते आणि आतला तंबू भरदुपारीही सुसह्य राहतो. पाऊसही वरच्या थरावरच थोपतो. कॅन्व्हासच्या छताला आतून हात लावू नये असे जुने जाणकार सांगतात त्यामागे कारण आहे: सुती धागे भिजून फुगतात तेव्हा विणीतली छिद्रे बुजतात, पण आतून स्पर्श झाला की त्या जागी थेंब पाझरू लागतो. दुहेरी छताने ही काळजी जवळजवळ मिटवली आहे. तरी कडक ऊन आणि बुरशी हे कापडाचे दोन शत्रू उरतातच. दर काही वर्षांनी कनाती बदलाव्या लागतात, तणावे रोज तपासावे लागतात.

स्नानगृह तंबूच्या मागच्या भागात, कापडी पडद्याआड असते. कायमच्या छावण्यांत नळाला सौरशक्तीवर किंवा लाकडाच्या बंबावर तापवलेले पाणी येते. फिरत्या छावण्यांत अजून ‘बकेट शॉवर’ची जुनी पद्धत चालते. वीसेक लिटरची कापडी पिशवी कप्पीवरून वर ओढून टांगलेली असते. पाहुण्याने सांगितले की बाहेर उभा असलेला कर्मचारी गरम पाणी ओततो, आतल्या माणसाने साखळी ओढायची. अंग भिजवून साखळी बंद करायची, साबण लावायचा, मग पुन्हा उघडायची. एवढ्या पाण्यात एका माणसाची आंघोळ आरामात होते, आणि पाणी दुरून टँकरने आणावे लागते तिथे ही काटकसर शोभेची नसून गरजेची असते.

विजेचे तसेच. राष्ट्रीय वाहिन्या एवढ्या आत पोचलेल्या नाहीत, म्हणून सौरपट आणि बॅटऱ्यांवर छावणी चालते. जोडीला डिझेलचे जनित्र असले तरी ते आवाजामुळे दूर, जमिनीत अर्धवट पुरलेले असते. दिवे मंद असतात, केस सुकवायची यंत्रे बहुधा चालत नाहीत. भाजीपाला, दूध, गॅस हे सगळे शहरातून ट्रकने किंवा विमानाने येते. शिळे अन्न उघड्यावर टाकले तर तरस आणि बबून माकडांना छावणीची चटक लागते. अशी चटक लागलेले जनावर पुढे धोकादायक होते. म्हणून ओला कचरा जाळीबंद खोलीत साठवतात आणि काच-प्लास्टिक परत शहराकडे पाठवतात. केनियाने 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवरच बंदी घातली आहे.

छावणीपर्यंतचा प्रवास सहसा छोट्या विमानाने होतो. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून बारा-तेरा आसनांचे एक इंजिनाचे विमान पाऊण तासात मसाई माराच्या माळावर उतरते. धावपट्टी म्हणजे मुरूम किंवा गवताची पट्टी. विमान येण्यापूर्वी गाडी फिरवून तिच्यावरची जनावरे हुसकावावी लागतात. विमानाच्या पोटात सामानाला जागा थोडी, म्हणून दरमाणशी 15 किलो आणि तेही मऊ पिशवीत, असा दंडक असतो.

छावणीतला दिवस जनावरांच्या घड्याळावर चालतो. उजाडण्यापूर्वी अर्धा तास कर्मचारी चहा-कॉफीचा ट्रे घेऊन येतो आणि दारावर टकटक करता येत नसल्यामुळे बाहेरून हाक देतो. ‘होडी’ म्हणजे आत येऊ का, आणि त्यावरचे उत्तर ‘कारिबू’, या! ‘हबारी?’ असे विचारले जाते, तीही मराठी माणसाला ओळखीची ‘खबर’च. सकाळी सहा-साडेसहाला उघड्या गाड्या निघतात, कारण सिंह, तरस, बिबट्या हे थंडाव्यात हिंडतात आणि ऊन चढले की सावलीत पसरतात. दहा-अकराच्या सुमारास परत, मग न्याहारी आणि दुपारची विश्रांती. साडेतीन-चारला दुसरी फेरी. ती सूर्यास्ताला एखाद्या टेकाडावर थांबते. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात पूर्ण काळोख होतो.

आफ्रिका म्हणजे उकाडा, ही समजूत मारात पहिल्याच रात्री मोडते. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. रात्री गारठा पडतो, आणि जेवण होईपर्यंत कोणीतरी पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून गेलेले असते. उघड्या गाडीत पहाटे कानटोपी आणि जाड जाकीट लागते.

खरी सफारी रात्री सुरू होते, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही. दिवसा गाडीतून जे दिसते ते डोळ्यांनी. रात्री तंबूत पडून जे कळते ते कानांनी, आणि ते अधिक खोल जाते. सिंहाची गर्जना अनुकूल हवेत आठ किलोमीटरपर्यंत पोचते. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो आणि दूरवर ऐकू येतो. ठिपकेवाला तरस खालच्या पट्टीतून वर चढणारा लांब हेल काढतो. पाणघोड्यांचा खर्जातला घुरघुराट नदीतून येतो आणि मध्यरात्री तो तंबूच्या अंगणात ऐकू येऊ लागतो, कारण पाणघोडा दिवसभर पाण्यात राहून रात्री गवत खायला बाहेर पडतो. झाडावर राहणारा हायरॅक्स हा सशाएवढा प्राणी असे किंचाळतो की नवखा माणूस उठून बसतो. विटांच्या खोलीत यातले फारच थोडे पोचले असते.

या सगळ्यात सुरक्षिततेची मदार थोड्या पण काटेकोर नियमांवर असते. अंधार पडल्यावर कोणीही एकटे फिरायचे नाही. तंबूतून जेवणाच्या मांडवापर्यंतच्या शंभर पावलांसाठीही ‘अस्करी’ म्हणजे पहारेकरी सोबत येतो. मारात तो बहुधा तिथल्या मसाई समाजातला असतो, हातात भाला आणि विजेरी. तंबूत शिट्टी किंवा भोंगा ठेवलेला असतो. अन्न, अगदी बिस्किटाचा पुडाही, आत ठेवायचा नाही; तंबूची चेन अर्धवट उघडी टाकायची नाही. सिंह आणि हत्ती बंद तंबूकडे एक ठोकळा म्हणून पाहतात आणि वळसा घालून जातात, असा मार्गदर्शकांचा पिढ्यांचा अनुभव आहे. धोका असतो तो बाहेर पडलेल्या माणसाला. पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये येणे, एकट्या रेड्याच्या वाटेत उभे राहणे, पिल्लासोबतच्या हत्तिणीजवळ जाणे, हे तिन्ही प्रसंग पहारेकरी टाळतो. त्याला तिथल्या जनावरांच्या पायवाटा तोंडपाठ असतात.

चांगल्या छावणीची ओळख पलंगापेक्षा मार्गदर्शकावरून पटते. केनियात मार्गदर्शकांच्या व्यावसायिक संघटनेच्या कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पायऱ्यांच्या परीक्षा आहेत आणि सुवर्ण मिळवणारे मोजकेच. पक्षी, वनस्पती, पाऊलखुणा, तारे, प्रथमोपचार, सगळ्याचा अभ्यास त्यात येतो. ताडोबात चितळ-वानरांच्या इशाऱ्यावरून वाघाचा माग काढतात, तसा इथला मार्गदर्शक इम्पाला हरणांचे फुरफुरणे ऐकतो, जिराफांचा कळप एकाच दिशेला टक लावून उभा असेल तर तिकडे गाडी वळवतो, गिधाडे घिरट्या घालताहेत की थेट उतरताहेत हे पाहतो. उतरत असतील तर तिथे मेलेले जनावर आहे, एवढे त्यावरून कळते.

आता भाड्याचा प्रश्न. अशा छावणीत एका माणसाचा एका रात्रीचा खर्च पाचशे डॉलरपासून दोन हजार डॉलरच्या पुढेही जातो. त्यात जेवण, गाडीच्या फेऱ्या, कपडे धुणे येते. अभयारण्याचे शुल्क पुष्कळदा वेगळे. मसाई मारा राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढाला 2024 पासून जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर मोजावे लागतात. आकडे डोळे विस्फारणारे आहेत. पण हा पैसा कुठे जातो हे पाहिल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत बनवणे योग्य नाही.

मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे 1,500 चौरस किलोमीटरचे. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई पशुपालकांच्या जमिनी आहेत. पूर्वी त्या सामाईक होत्या. पुढे त्यांची कुटुंबवार वाटणी झाली. प्रत्येकाने आपला तुकडा तारेने बंदिस्त केला असता तर जनावरांच्या वाटा तुटल्या असत्या. केनियातली बहुतांश वन्य जनावरे सरकारी उद्यानांबाहेर राहतात, आणि 1977 ते 2016 या काळात देशातल्या वन्य जनावरांची संख्या सुमारे दोन तृतीयांशाने घटल्याचे मोजणीतून दिसले आहे, हे लक्षात घेतले की धोक्याची तीव्रता कळते. त्यावर उपाय म्हणून 2005च्या पुढेमागे ‘कन्झर्व्हन्सी’ उभ्या राहू लागल्या: ओलारे ओरोक, मारा नॉर्थ, नाबोइशो. शेकडो कुटुंबे आपल्या लगतच्या जमिनी एकत्र करून छावण्यांना भाड्याने देतात. पर्यटक येवोत न येवोत, ठरलेले भाडे महिन्याच्या महिन्याला जमीनमालकाला मिळते. त्या बदल्यात कुंपण नाही, शेती नाही, गुरे चारायची ती ठरवलेल्या भागात आणि ठरवलेल्या काळात.

तंबूंची संख्याही करारातच बांधलेली असते, दर काही शे एकरांमागे एक. त्यामुळे एका सिंहाभोवती चार-पाच गाड्यांपेक्षा अधिक गर्दी होत नाही, तर राखीव क्षेत्रात हंगामात चाळीस-पन्नास गाड्यांचा गराडा पडलेला दिसतो. म्हणजे पाहुणा जे पैसे मोजतो ते मुख्यतः रिकाम्या माळाचे भाडे असते. ही व्यवस्था निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. कोरड्या वर्षी स्वतःच्याच जमिनीवर गुरे नेता येत नाहीत, ही मसाईंची तक्रार रास्त आहे. स्त्रियांच्या नावावर जमीन क्वचितच असते, त्यामुळे भाडे बहुधा पुरुषांच्या हाती पडते. 2020 साली महामारीने पर्यटन थांबले तेव्हा भाडे कापावे लागले आणि एकाच धंद्यावर अवलंबून राहण्यातला धोका उघडा पडला. शिवाय शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून 1959 साली मसाईंना बाहेर काढण्यात आले, ती आठवण त्या समाजात पुसलेली नाही. तरी माळ अखंड राहिला आणि मालकी मसाईंकडेच राहिली, हे दोन्ही एकदम साधणारी याहून चांगली व्यवस्था त्या भागात अजून उभी राहिलेली नाही.

प्रदेश बदलला की छावणीचे रूपही बदलते. बोत्स्वानातल्या ओकावांगो त्रिभुजात अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेल्या पावसाचे पाणी कित्येक महिन्यांनी, म्हणजे ऐन कोरड्या ऋतूत पोचते. त्यामुळे तिथले तंबू बेटांवर, उंच फळ्यांच्या पुलांनी जोडलेले असतात आणि फेरी गाडीऐवजी ‘मोकोरो’ या निमुळत्या होडीतून होते. झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात भर पायी सफारीवर असतो, सशस्त्र वनरक्षक पुढे ठेवून.

मराठी प्रवाशांच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. केनियासारख्या देशातून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवले जाते. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक. निळे आणि काळे कपडे टाळावेत, कारण त्से-त्से माशी त्याच रंगांकडे आकर्षित होते. तिला पकडण्याचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचेच करतात. शाकाहारी जेवणाची चिंता सहसा पडत नाही. चपाती, डाळ, ‘सुकुमा विकी’ नावाची हिरवी पालेभाजी आणि मक्याच्या पिठाचा घट्ट ‘उगाली’ हे सगळे स्थानिकच आहे. आधी कळवले तर कांदा-लसूण वर्ज्य असलेले जेवणही बहुतेक छावण्या करून देतात.

तंबूछावणीचा मूळ अर्थ आज सर्वांत शुद्ध रूपात उरला आहे तो फिरत्या छावण्यांत. सेरेंगेटी-मारा या सलग प्रदेशात तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट आणि लाखांनी झेब्रे पावसामागोमाग वर्षभर फिरतात. जानेवारी ते मार्च ते दक्षिणेला न्दुतूच्या आखूड गवताच्या माळावर असतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक माद्या वितात. मे-जूनमध्ये कळप पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे सरकतात, जुलै ते ऑक्टोबर मारा नदी ओलांडतात, नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेला वळतात. छावणी त्यांच्या मागे जाते. हंगाम संपला की गाद्या गुंडाळल्या जातात, तणावे सैल करून मेखा उपटतात, कनाती वाळवून घड्या घालतात, ओट्याच्या फळ्या मोजून ट्रकवर चढवतात. शौचकूप बुजवतात, शेकोटीची राख पुरतात, गाडीच्या चाकोऱ्यांवर माती ओढतात. पुढच्या पावसात तिथे गवत येते, आणि तंबू होता त्या जागेवर विल्डबीस्ट चरून जातात.